काकींचं मीठ आणि आमचं अर्थिंग

गेल्या शनिवारी गडब गावात आमच्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटिंग मशीन आली. तीन वर्षं नवऱ्याच्या मागे भुणभुण करून मीच ती घ्यायला लावली होती... त्यामुळे चालली तर ती आमची मशीन आणि नाही चालली तर माझी, हे न बोलता ठरलेलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... ही मशीन करंट आणि दाबाच्या हवेवर लोखंडी प्लेट कापते. गॅस कटरसारख्या वेड्यावाकड्या कडा येत नाहीत. मी आयटीआय केलेली वेल्डर, त्यामुळे टॉर्च, म्हणजे कापायचा दांडा, माझ्या हातात. मापं आणि फिटिंग संदीपकडे, म्हणजे नवऱ्याकडे.

सोमवारी डोलवीकडच्या एका कॉन्ट्रॅक्टरला बेस प्लेट द्यायच्या होत्या. मागच्या खेपेला कडा बघून त्याने सगळ्या परत पाठवल्या होत्या. या वेळी जमत नसेल तर काम रोह्याला देतो, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. आमचं पहिलं मोठं काम ते.

मशीन बसवायला रोह्याहून सलीमभाई आले. पंधरा वर्षं कतारला कटिंगचं काम करून परतलेला माणूस. मला वाटलं, अर्ध्या तासात जोडून देतील, नारळ फोडू, चहा पिऊ...

कसलं काय. त्यांनी टॉर्चची केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. टॉर्चच्या टोकाचं नोझल काढून उजेडाकडे धरलं. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ उघडला तर तांब्याभर पाणी निघालं. खाडीकडची हवा, दुसरं काय. ते पाणी टॉर्चमध्ये गेलं असतं तर नोझलची वाट लागली असती. संदीपने मशीनवर ठेवलेला नारळही त्यांनी उचलून खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "फोडा, पन बाहेर."

शेवटी अर्थिंग तपासलं आणि मान हलवली. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्याच्या उन्हात ठणठणीत कोरडा पडला होता. मशीनच्या बॉडीत कुठे करंट उतरला, तर तो जमिनीत जायचा सोडून माझ्या अंगातून जाणार होता.

"ताई, अशी चालू करून देनार नाय मी," सलीमभाई शांतपणे म्हणाले. संदीपने आजच्यापुरतं बघा ना, असं म्हणून पाहिलं. "शॉक काय आज-उद्या बघून लागतो काय?" एवढंच उत्तर आलं.

इलाज तसा साधा... खड्ड्यात मीठ, कोळसा आणि भरपूर पाणी. कोळसा इस्त्रीवाल्याने दिला. मी धावत जाऊन स्वयंपाकघरातली मिठाची पिशवी आणली, तर सलीमभाईंना हसू आवरेना. "भाजी नाय करायची, ताई. घमेलंभर जाडं मीठ पायजे."

आम्ही दोघांनीही एकदम शेजारच्या पडवीकडे पाहिलं. तिथे मिठाची पोती रचलेली असतात. पार्वतीकाकींच्या घरचे पिढ्यान् पिढ्या मिठागरावर काम करतात. पण आमच्या ग्राइंडरच्या आवाजावरून काकींचं आणि माझं चार वर्षं वाजलेलं. नवी मशीन येणार हे कळल्यावर तर त्यांनी कुंपणावरूनच बजावलं होतं, अजून एक भोंगा आणलात तर पंचायतीत जाईन.

संदीपला अचानक अर्जंट फोन आला. मग काय, गेले मीच. खरंखरं सगळं सांगितलं.

काकी मासळी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "म्हंजे मी मीठ नाय दिला तर तुजी मशीन चालनार नाय?"

"नाय चालणार, काकी." खोटं कशाला बोला.

त्यांनी पुढची मासळी हातात घेतली. मला वाटलं, झालं, आता फक्त हसतील. पण पुढचा प्रश्न वेगळाच आला. "आनि तशीच चालवली तं? शॉक कोनाला लागंल?"

"मला. टॉर्च माझ्या हातात असते."

काकींनी मासळीवर ताट झाकलं, हात धुतले आणि घमेलं भरायला घेतलं. मी हात पुढे केले तर मला बाजूला सारून स्वतःच डोक्यावर घेऊन निघाल्या. खड्ड्यापाशी येऊन ते जमिनीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हातान मीठ देत नाय गो, भांडान होतं."

"आपलं भांडण आहेच की, काकी."

"हाय ते हाय. वाढवायचा कशाला?"

सलीमभाई तोंड फिरवून हसले. त्यानंतर तासभर सगळा कारभार काकींच्या हातात. मिठाचा थर किती, पाणी कधी थांबवायचं, माती कशी दाबायची... कतारचा अनुभव निमूटपणे बादल्या भरत होता. पुन्हा मीटर लावलं, रीडिंग व्यवस्थित खाली आलं. सलीमभाईंनी कागदावर सही केली, बिस्मिल्ला म्हणून स्विच दाबला आणि मी पहिली प्लेट कापली. सरळ, स्वच्छ कड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कटिंगच्या काळ्या चष्म्यामुळे कुणाला दिसलं नाही ते बरं.

काकी कानावर हात ठेवून उभ्या होत्या. "मेला आवाज," म्हणून घरी गेल्या.

प्लेट सोमवारी गेल्या आणि पास झाल्या. मंगळवारी सकाळी शटर उघडायला आले तर मागे पाण्याचा आवाज. काकी कळशीने अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच बोलल्या, "सुकला तं परत तुलाच लागंल ना. दुपारी मशीन बंद ठेव, मी झोपते."

दोन ते चार मशीन बंद असते आता. आवाजावरची कुरकुर चालूच आहे, ती चालूच राहणार. पण चार वर्षं मला वाटत होतं, कुंपणापलीकडे माझ्या कामावर रागावलेलं एक माणूस राहतं. ते माणूस माझी काळजीही करतं, हे मला मीठ मागायला गेल्यावरच कळलं.