गव्हाच्या कोठीमागची बॅग

आई, वर्धा स्टेशनवर तू डबा माझ्या हातात दिलास आणि माझ्या सहा वर्षांच्या रेवाला गाडीच्या खिडकीजवळ उभं केलंस. मी रडत होते, ती नाही. "पाह्य, पोट्टी रडली का? लय शहाणी आहे. तू जाय बिनधास्त," तू म्हणालीस. मलाही तेच ऐकायचं होतं. ह्यांची रायपूरजवळ सिलतऱ्याच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, मला रायपुरात नुकतीच कॉलेजात शिकवायची नोकरी मिळालेली, पोरीला सांभाळायला कोणी नाही. सहा महिन्यांत घेऊन जाऊ, असं ठरलं होतं. त्याची दोन वर्षं झाली.

दर पंधरा दिवसांनी मी यायचे. रेवा दारात यायची नाही. माझी बॅग उचलून आत न्यायची आणि परत बाटल्यांच्या झाकणांचे मनोरे रचत बसायची. निघायच्या वेळी ती बॅग गव्हाच्या कोठीमागे सापडायची आणि आपण दोघी हसायचो. किती कामाची पोट्टी, म्हणून तू शेजारी सांगत सुटायचीस.

आता रेवा पंधराची आहे. रायपुरात शंकर नगरात आमचा फ्लॅट आहे. मराठी तिला सगळी समजते, उत्तर हिंदीत येतं. मी बी.ए.च्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. पुस्तकातलं त्यांच्या डोक्यावरून जातं, म्हणून गेल्या रविवारी दुपारी एक कार्टून सिनेमा लावून वही घेऊन बसले. त्यात पाणमांजराची आई मासे आणायला लांब जाते. परत येते तर पिल्लू मान वर करत नाही, गोटे रचत राहतं. मला कोण आनंद झाला. सिनेमा थांबवून वहीत लिहिलं: अटॅचमेंट. वरून शांत, आतून नाही. इतकं सोपं उदाहरण एवढ्या वर्षांत मिळालं नव्हतं.

मोबाईलमधून डोकं न काढता रेवा म्हणाली, "इसको मालूम है मम्मी फिर जाएगी. काहे को उठेगा?" मग जरा थांबून, "मैं तो आपका बैग छुपाती थी."

"तेव्हा मले सांगितलं काहून नाही तू?"

"बोलती तो रुक जाते क्या?"

तिने सिनेमा पुढे सुरू केला.

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, आई. स्वतःच्या पोरीचं कळलं नाही, असं म्हणायला सोपं आहे. खरं म्हणजे थोडं कळत होतं. नोकरी सोडायची नव्हती, म्हणून तुझ्या त्या 'शहाणी'वर मी भागवलं. याचं फार वाईट वाटतं.

शनिवारी वर्ध्याला येतेय. बॅग दोन दिवसांपासून भरून हॉलमध्ये पडली आहे. रेवा तिला वळसा घालून जाते येते. जिथे कोणी आपली बॅग लपवतं, ते घर. तसं घर मला दोन वर्षं होतं, आणि दर वेळी मी कोठीमागून बॅग ओढून काढली आणि गाडी पकडली.