देवापाशी बंद केलेली गाडी

घरची लाइट गेली आणि इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला की मला ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. लग्नात स्पीकर वाजवता यावेत म्हणून मी पिकअपमध्ये गाडीच्याच बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर बसवून घेतला होता, घरात असतो तसा प्लगचा बोर्डही लावला होता. त्या सकाळी वाऱ्यानं तार तुटून गावची लाइट गेली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याची ऑक्सिजनची मशीन त्याच बोर्डावर लावली आणि त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायला निघालो. मागं गादीवर तो, उशाशी त्याची बायको. सागाची वाळकी पानं चाकांखाली चुरत होती, मोहाचा आंबूस वास येत होता. जंगलातल्या चढावर एका झाडाखाली देव आहे. तिथं प्रत्येक ड्रायव्हर गाडी बंद करतो, उतरून हात जोडतो आणि मगच पुढं जातो. माझा हात सवयीनं चावीवर गेला. पाया पडून परत आलो तर स्टार्टर नुसता टक-टक करत राहिला. मागं इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि थोड्या वेळानं तोही गप्प झाला. “भाऊ, मशीन काऊन बंद पडली?” बाईनं विचारलं. मी एकटाच धक्का मारत होतो, गाडी हलेना. मदत येईपर्यंत म्हातारा गेला होता. “देवानंच त्याले आपल्यापाशी ठेवून घेतलं, तू नको रडू,” ती मलाच म्हणाली. गाडीची बॅटरी उतरत चालली आहे, हे मला आठवडाभर आधीपासून ठाऊक होतं. अजूनही भेटली की ती तेच बोलते, आणि मी मान हलवतो.