कासवरावांचं तीन महिन्यांचं म्हातारपण

पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसणाऱ्या मापताई आजवर बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरलेल्या नाहीत. आधी पंधरा वर्षं शिलाईकाम केलं, आता पाण्याखाली घालायचे ड्रायसूट दुरुस्त करतात. गळ्यातली टेप मात्र तीच.

"बाईंना पोहता तरी येतं का?" एखादं नवं गिऱ्हाईक कुजबुजतं.

"नवरदेवाचा कोट शिवायला नवरदेव व्हावं लागत नाही," ताई मान वर न करता म्हणतात.

त्या शुक्रवारी दुपारी कासवराव आले आणि त्यांनी सगळ्या सामानासकट सूट धप्पकन टेबलावर टाकला. धरणाच्या दारांची पाण्याखाली दुरुस्ती करणारा हा पन्नाशीचा गडी. घाई कशाशी खातात ते ठाऊक नाही, म्हणून हे नाव.

"ताई, हा विकून टाका."

"अहो, नवाकोरा आहे की!"

"सूट नवा, माणूस जुना. खाली गेलो की छाती आवळते. तीनदा काम अर्धवट टाकून वर आलो. साहेब म्हणाले, सोमवारी शेवटची संधी. नाहीतर खुर्चीत बसा आणि रजिस्टरं लिहा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, ठणठणीत घोडा आहात."

"मग तुम्हाला कासव कोण म्हणतं?"

कासवराव हसले नाहीत. ताईंनी टेप सरळ केली.

"सूट कधी घेतलात?"

"झाले तीन महिने."

"आणि म्हातारपण कधी आलं?"

कासवराव बोटांवर महिने मोजू लागले. तिसऱ्या बोटावर थांबले.

"घाला तो," ताई म्हणाल्या. "आतल्या जाड कपड्यांसकट. हवेची टाकी पाठीवर, हातमोजे हातात."

ड्रायसूटमध्ये पाणी शिरत नाही, पण जसजसं खोल जावं तसतसं ते बाहेरून सूट अंगावर दाबतं. म्हणून टाकीपासून एक नळी काखेखालून आणून छातीवरच्या बटणाला जोडतात. बटण दाबलं की आत हवा येते आणि आवळ सुटतो. कासवरावांनी नव्या सूटला जुन्याचीच नळी लावली होती.

"बघा, पुरते की!" ते ताठ उभे राहून म्हणाले.

"आरशासमोर सगळेच शर्ट पुरतात. झाडावर चढलं की पाठीत उसवतात. दाराखाली काम कसं करता?"

"आडवा पडून."

"मग पडा."

"इथे?"

"नाहीतर काय, पलंग मागवू?"

कासवराव कण्हत टेबलाखाली शिरले.

"समजा, बोल्ट तिकडे, शिलाई मशीनच्या पायाशी. डावा हात लांब करा. अजून. आता उजव्याने बटण दाबा."

जाड हातमोजा छातीवर चाचपडत राहिला. "कुठे गेलं?"

नव्या सूटचं बटण जुन्यापेक्षा चार बोटं पलीकडे होतं. हात लांबला की आखूड नळी ताणली जाई आणि बटणच ओढून टाकीच्या पट्ट्याखाली नेई. हात आखडला की बटणाची स्वारी पुन्हा जागेवर, जणू काही घडलंच नाही.

"म्हणजे मी म्हातारा नाही?" टेबलाखालून आवाज आला.

"ते घरी विचारा. छाती आवळणारा चोर मात्र ही नळी."

कासवरावांनी बाहेर येऊन सरळ सगळ्यात लांब नळी उचलली.

"ठेवा ती खाली! लोंबती नळी लोखंडात अडकली, तर दार तुम्हाला सोडायचं नाही."

ताईंनी हात लांब करायला लावून टाकी ते काख, काख ते छाती माप घेतलं. मग जुनीपेक्षा वीतभर लांब, विणलेल्या आवरणाची, सहज वळणारी नळी निवडली. तिचं तोंड बटणावर घट्ट बसतंय ना, तेही दोनदा पाहिलं.

पुन्हा टेबलाखाली. हात लांब. फुस्स!

"आली हवा! अजून घेतो!"

"पुरे, अहो पुरे..."

"ताई, अडकलो. जरा टेबल उचलता का?"

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला.

"राहिलेले तिन्ही बोल्ट बसवले, ताई! साहेबांनी दोरी ओढून बोलावलं तेव्हाच वर आलो."

"छान. बरं, तो सूट विकायचा होता ना? गिऱ्हाईक आलंय."

"खबरदार!"