दोनशे वातींचं फॉरमॅट

काकू वेळ वातींमध्ये मोजायच्या. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला किती वेळ लागेल, असं विचारलं की मांडीवरच्या पिशवीतला कापूस चाचपून सांगायच्या, "जुनी मशीन आहे. दोनशे वाती पकड." मग नवी विंडोज चढायला लागली की पडद्याकडे न बघता वाती वळत बसायच्या. वाती तापीकाठच्या देवळात जायच्या. काकूंचा देवावर विश्वास होता का, ते मला कधी कळलं नाही. पडद्यावरच्या टक्क्यांवर मात्र नव्हता. "चाळीसवर अडून बसते आणि एकदम नव्वद सांगते. वात अशी थापा मारत नाही."

लोधीपुऱ्यात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तिथे शिकून कितीतरी मुलं कचेऱ्यांत लागली. मीही सहा महिने बडवून पाहिलं. शेवटी काकूंनी निकाल दिला, "डोकं ठीक आहे बेटा, करंगळी आळशी आहे." म्हणून मी प्राध्यापक झालो.

पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. काकू तेही शिकल्या. पाटी मात्र 'टायपिंग' एवढीच राहिली. समोरच्या दुकानावर 'सोल्युशन्स' अशी दिव्यांची पाटी होती. तिथल्या टायवाल्या मालकाने माझा संथ झालेला कॉम्प्युटर पाहिला आणि शोकसभेच्या आवाजात सांगितलं, "सर, अब नया ले लो." तसाच उचलून मी काकूंकडे आणला.

"बुढी नाही झाली, भरली आहे," काकू म्हणाल्या. "अजीर्ण झालं म्हणून कोणी नवा माणूस आणतं का?"

फॉरमॅटच्या आधी काकू कॉम्प्युटर आणणाऱ्याच्या हाती कोरा कागद द्यायच्या. काय ठेवायचं, ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. बहुतेक जण 'सगळं' लिहायचे. "सगळं ठेवायचं तर साफ काय करू, पडदा?" मग लोक विचारात पडायचे. केळीच्या एका व्यापाऱ्याने पानभर लिहून शेवटी मुलीच्या लग्नाचे फोटो तेवढे ठेवले होते.

मी एकच ओळ लिहिली: दादांची फाइल.

दादा म्हणजे माझे वडील. शेवटची दोन वर्षं ते याच कॉम्प्युटरवर रोज दुपारी काहीतरी टाइप करायचे. टायपिंग ते निवृत्तीनंतर काकूंकडेच शिकले होते. मुख्याध्यापक होते, सत्कारसमारंभांतून भाषणं करायचे. तेव्हा ही फाइल म्हणजे कार्याचा आढावाच असणार, असं धरून ते गेल्यावर तीन वर्षं मी ती उघडलीच नव्हती. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

काकूंनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि जुनं सगळं पुसून टाकलं. मी काही विचारायला गेलो तर म्हणाल्या, "हळू बोल. भरतंय."

दोनशे वाती झाल्या. मशीन हरणासारखी पळू लागली. मी दादांची फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि कंस, कोणी मुठीनं फेकल्यासारखे. दादांनी जुन्या मराठी फाँटमध्ये लिहिलं होतं. फाइल शाबूत होती; फाँट मात्र जुन्या विंडोजबरोबर पुसला गेला होता.

काकूंच्या हातातली वात तशीच राहिली. "चूक माझी. फाइल विचारली, फाँट विचारला नाही. जन्मभर अक्षरं शिकवली आणि अक्षरंच विसरले."

तीन वर्षं ज्याचा मला कंटाळा होता, ते आता वाचता येत नाही म्हटल्यावर मी फाइल पुन्हा पुन्हा वर-खाली करून एखादा मराठी शब्द शोधू लागलो.

काकूंनी चष्मा पुसला. दहाही बोटं रिकाम्या टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे बघत ती हलवू लागल्या. "डी, एस, मोठा जी, एच... केळी." दादांनी जी कळ दाबली होती, तेच इंग्रजी अक्षर समोर उमटलं होतं, आणि कोणत्या कळेला कोणतं मराठी अक्षर, हे काकूंच्या बोटांना पाठ होतं. बोटं लाकडावर चालत राहिली, आणि तोंडून दादा येऊ लागले.

"केळीच्या बागेत दुपारी हळू बोलावं. घड भरत असतात. आई हे आम्हाला बजावायची आणि स्वतः गात गात पुढे जायची."

कुठलाही आढावा नव्हता. धूलकोटकडची बाग होती, पाटाचं पाणी होतं, पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड होता. खोलीत कापसाचे तंतू तरंगत होते. समोर टायवाल्याची पाटी भरदिवसा लुकलुकत होती, आणि सत्तरीच्या एक बाई टेबल वाजवत माझ्या वडिलांचं बालपण वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा जुन्या सीडीत त्यांना तो फाँट सापडला. माझ्या घरी येऊन त्यांनी तो चढवला. पडद्यावर दादा नीट मराठीत उभे राहिले. "आता तूच वाच," म्हणाल्या. मी वाचलं, पण कानात आवाज काकूंचाच आला.

मागच्या वर्षी काकू मुलीकडे नागपूरला गेल्या. निघताना सीडी माझ्या हातात दिली. "कापूस तिकडेही मिळेल. हे तू सांभाळ."

मशीन पुन्हा संथ झाली आहे. समोरचे सोल्युशन्सवाले अजून "नया ले लो" म्हणतात. एखाद्या दुपारी मी मुद्दाम फाँट बदलतो. दादा पुन्हा इंग्रजी अक्षरांत विखुरतात. मी बोटं टेबलावर ठेवतो. डी. एस. मोठ्या जीसाठी उजव्या करंगळीनं शिफ्ट धरावी लागते. तिथे मी अडतो.

मग घाई करत नाही. घड भरत असतात.