तिरपी खूण

दसऱ्याच्या पूजेत मी एका रिमोटवरचं बटण सरळ केलं. तिरपं दिसलं म्हणून. भिंतीवरचे फोटो सरळ करत फिरायची खोडच होती मला. तेव्हा मी अवघी चौसष्ट वर्षांची, अक्कल यायला वेळ होता.

रिमोट खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा. ते वाळूजला एका कारखान्यात क्रेन चालवायचे. आमच्या पुंडलिकनगरातल्या इमारतीलगत मोकळा प्लॉट आहे, तिथं रविवारी बॅटरीवरची बगी, म्हणजे रिमोटवर पळणारी गाडी, पळवायचे. हातभर लांब, गुबगुबीत चाकांची. तुम्ही म्हणाल खेळणं. आम्हीही तेच म्हणायचो. पळवण्याआधी ते ती वीतभर उचलून ओट्यावर सोडून द्यायचे. धप्प. मग वाकून, तिचं पोट जमिनीपासून किती वर राहिलं ते बघायचे, स्प्रिंग जराशी पिळायचे आणि पुन्हा धप्प.

"बसती का नाय ते बघावं लागतं, काकू. लई ताठ ठेवली तर खड्ड्यात उडती."

"माझ्या सुनेला पण एकदा सोडून बघा."

"तेवढी हिंमत नाय आपली."

त्या वर्षी बगी आळसावली. एक वळण घ्यायला अख्खा प्लॉट लागायचा. आम्ही चिडवलं की म्हणायचे, "नवीन सेटिंग हाय."

खरं काय ते मागाहून कळलं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चाकं किती वळावीत हे रिमोटवरचं एक गोल बटण ठरवतं. हाताची थरथर चाकांत उतरू नये म्हणून ते बटण त्यांनी हळूहळू कमी करत आणलं होतं. बायको सोडून कुणाला पत्ता नव्हता. कारखान्यात कळलं असतं तर क्रेन गेली असती.

दसऱ्याला इमारतीखाली ओळीनं स्कूटरी, शिलाई मशीन आणि शेवटी बगी. हळदकुंकू वाहायला मी. रिमोट पुसताना बटणावरची पांढरी खूण एका बाजूला कलंडलेली दिसली. फिरवून सरळ केली आणि वर झेंडू ठेवला.

पूजा झाल्यावर त्यांनी बगी सोडली. ती वळवळत गेली, उलटली, भिंतीवर आपटली. सगळ्यांच्या नजरा बगीवरून रिमोटवर आल्या आणि तिथून त्या हातावर.

तेवढ्यात मला विनोद सुचला. "काय भाऊ, सणाची सकाळीच घेतली का?"

सगळी इमारत हसली, मीही हसले. त्यांच्याच कारखान्यातले एक सुपरवायझर शेजारी राहायचे, फक्त ते हसले नाहीत.

भाऊंनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात खिशात घालून घरात गेले.

दिवाळीआधी कंपनीनं तपासणी केली आणि त्यांना गेटवर बसवलं. त्या गाडीचा मोडलेला पुढचा भाग त्यांनी कधी बदलला नाही. दोन वर्षांनी ते गेले.

दिवस झाल्यावर मी खाली गेले. त्यांची बायको मेथी निवडत होती. बगी कपाटावर, मोडलेलं चाक भिंतीकडे वळलेलं. ते बटण मी फिरवलं होतं, असं मी तिला सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"ठाऊक हाय, काकू. त्या क्रेनखाली माझा भाऊ कामाला असायचा, मला झोप लागत नव्हती. बटण फिरवलं ते बरंच झालं. तुम्ही हसायला नको होतं."