एकशे एकाव्या फ्रेममधलं बोट

सकाळचे साडेसात. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा आणि दारात चष्मा शोधणारा नवरा. चष्मा त्याच्याच डोक्यावर होता, पण दूध उतरवल्याशिवाय ते सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा, आणि दर दोन टकटकींमध्ये घड्याळ लावल्यासारखं सारखंच अंतर. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मावशी.

या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. सगळ्या बिल्डिंगच्याच त्या मावशी. मुलं त्यांना ‘मोजणाऱ्या आजी’ म्हणतात, कारण त्यांचे ओठ कायम हलत असतात. पायऱ्या मोजतात, चहातला चमचा किती वेळा फिरला ते मोजतात. नवऱ्याने एकदा त्यांची फिरकी घ्यायची म्हणून विचारलं, “काय मावशी, आमच्या कुकरच्या काल किती शिट्ट्या झाल्या?” त्या म्हणाल्या, “सहा. तुम्ही पाचवर गॅस बंद केला, सहावी नंतर आली.” तेव्हापासून तो त्यांच्या वाटेला जात नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या बाईंची मोजण्यात चूक झालेली आमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

एरवी त्या दहाच्या आत कुणाकडे जात नाहीत. आज केसही विंचरलेले नव्हते. हातात एक मोठं पाकीट.

“अक्षर बारीक आहे. वाचून दाखव,” त्या म्हणाल्या आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या.

पत्र स्टुडिओचं होतं. मावशींनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने जिथे आयुष्यभर काम केलं तो सिनेमाचा स्टुडिओ. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर स्टुडिओचं बोधचिन्ह यायचं ना, एक झाड आणि त्याखाली नाव? ती आजवरची पाचही बोधचिन्हं स्वच्छ करून एकापाठोपाठ एक दाखवणार होते. तिसऱ्या झाडाच्या फितीवर यंत्राने बासष्ट डाग शोधले होते. कोणता डाग मुळातला, कोणता नंतर पडलेला, हे ते झाड करणाऱ्यांपैकी हयात असलेल्या एकमेव व्यक्तीने सांगावं, अशी विनंती होती. खाली एक ओळ होती: मूळ कारागिरांकडून राहून गेलेल्या चुकाही या निमित्ताने दुरुस्त करण्यात येतील. डागांची यादी सोबत जोडली होती; उत्तरं लिहून घ्यायला स्टुडिओतल्या एक बाई आजच अकरा वाजता येणार होत्या.

“यादीत एकशे एकावी फ्रेम शोध,” मावशी म्हणाल्या.

“नंबर एकेचाळीस. फ्रेम एकशे एक. डावीकडे खाली, अनोळखी आकार. बहुधा बुरशी.”

मावशींनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “बुरशी नाही ती. ताईचं बोट आहे.”

मी गॅस बंद केला. नवऱ्याला त्याचा चष्मा सापडला होता. तो लावून तोही खुर्ची ओढून बसला.

त्या सकाळी ऐकलं ते मी आजवर कुठे वाचलेलं नाही. ते तिसरं झाड मी लहानपणी कितीतरी वेळा पाहिलं होतं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ जमिनीतून वर यायची, तिचं खोड व्हायचं, फांद्या फुटायच्या, पानं धरायची आणि अकरा सेकंदांत सगळा पडदा व्यापून एक डेरेदार झाड उभं राहायचं. कुणाचा हात नाही, कुंचला नाही. मला वाटायचं, ते आपोआपच उगवतं.

“उगवलं कुठे? पुसलं आम्ही ते,” मावशी म्हणाल्या.

ताईने एका मोठ्या काचेवर पांढऱ्या रंगाने आख्खं झाड काढलं. एकोणीस दिवस लागले. शेवटच्या पानापर्यंत पूर्ण झाड. काचेखाली काळं कापड, वर छताला टांगलेला कॅमेरा, त्याचं तोंड खाली. मग काडीला गुंडाळलेल्या कापसाने ताई शेंड्याकडचं एक पान पुसायची, हात काढायची, मावशी बटण दाबायच्या: एक फ्रेम. आणखी अर्धं पान पुसायचं, दुसरी फ्रेम. अशा दोनशे चौसष्ट. आधी पानं गेली, मग डहाळ्या, मग फांद्या, शेवटी खोड. कॅमेऱ्यातली फीत उलटी चालवलेली. म्हणून जे खोलीत पुसलं जात होतं ते पडद्यावर उगवत होतं.

“म्हणजे झाड पूर्ण झालं तेव्हा काच कोरी?” नवऱ्याने विचारलं.

“कोरी. एकोणीस दिवसांचं काम दोन दिवसांत कापसावर. आणि एकदा पुसलं की गेलं. परत घेऊ म्हणायची सोय नाही.”

मी माझ्या ओट्याकडे पाहत होते. रोज पुसते मी तो. पुसता पुसता जगात काही उभं करता येतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चूक होऊ नये म्हणून दोघींची रीत ठरलेली होती. पुसून हात कॅमेऱ्याच्या नजरेतून पूर्ण बाहेर घेतला की ताई म्हणायची, “हो.” मग मावशींनी मोठ्याने आकडा बोलायचा आणि बटण दाबायचं. ‘हो’ आल्याशिवाय बटण नाही. खोलीत खिडकी बंद, पंखा बंद, डोक्यावर दिवे. एकशे त्रेसष्टपर्यंत सगळं सुरळीत.

“तेव्हा साहेब आले. मालक. आमचं काम बिघडू नये म्हणून चवड्यांवर चालत आले बिचारे, पण बूट नवे. पावलागणिक च्यूं, च्यूं. ताई मान वर न करता म्हणते, ‘अगं बाई, पानं पुसली तरी चिमण्या येतातच का या झाडावर?’ ” मावशी हसल्या नाहीत. “मी मात्र तेव्हा हसले. फुसकन. आणि हसता हसता अंगठा दाबला गेला.”

“मग?”

“ताई म्हणाली, दाबलंस? म्हटलं, दाबलं. कितवी? एकशे चौसष्टावी. ती म्हणाली, पुढे मोज. साहेबांना काही कळलं नाही. उलट चालवल्यावर ती फ्रेम आली एकशे एकावी.”

दुसऱ्या दिवशी फीत धुऊन आली, तेव्हा मावशी रडवेल्या होऊन संकलकाकडे निघाल्या होत्या. त्याने ती एवढी एक फ्रेम कापून टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. दारात ताईने दंड धरला. म्हणाली, “राहू दे. नाव तर आपलं कुठे लागत नाही. इतकं पुसलं, मी कुठेतरी नको का असायला?” मावशी म्हणाल्या, अगं पण चूक आहे. ताई म्हणाली, “चूक तुझी, ठेवणं माझं.”

त्यावर पंचावन्न वर्षं दोघींनी तोंडातून ब्र काढला नाही. पुढे ताईचं लग्न झालं, तरी नवा सिनेमा लागला की दोघी पहिल्या खेळाला जायच्या. झाड उगवायला लागलं की मावशी ताईचा हात धरून मोजायच्या आणि एकशे एकाला दाबायच्या. ताईचे यजमान म्हणायचे, “हिला गोष्ट विचारा सिनेमाची, सांगता यायची नाही. अकरा सेकंदांसाठी तीन तास बसते.” ताईला जाऊन सहा वर्षं झाली.

आता अडचण माझ्याही ध्यानात आली. बुरशी म्हटलं तर बोट जाणार. खरं सांगितलं तर ती कारागिरांची चूक, म्हणजे तरीही जाणार. शिवाय मोजणाऱ्या आजी चुकल्या होत्या हे लेखी होणार.

“मावशी, पान आहे म्हणून सांगा ना,” मी म्हटलं. “ताईंनी काढलेलंच पान. कोण तपासतंय? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा गाळायला वळले.

“ताईच्या बोटाला पान म्हणू?” त्या म्हणाल्या. “माझं नाव राहावं म्हणून?”

अकराला बाई आल्या. तिशीच्या असतील, खांद्याला लॅपटॉप. मावशींनी आमच्याच घरी बसू म्हटलं. त्यांनी आधी पाचही झाडं दाखवली, आणि मी तर तोंडात बोट घालून बघत राहिले. पहिलं झाड खरंखुरं, स्टुडिओच्या अंगणातलं. कॅमेरा समोर ठेवून नुसता चालवलेला, आणि मध्येच खालून एक शेळी शांतपणे चालत जाते. दुसरं प्लास्टरचं, तारेच्या पानांचं. मागून पंखा सोडलेला, त्यात दोन पानं गळतात. चौथं मावशींचंच झाड, पण रंगवलेलं. “हिरवा बघा, औषधासारखा,” मावशी पुटपुटल्या. पाचवं संगणकावरचं: ढगांतून कॅमेरा येतो, हजार पाखरं उडतात, ढोल वाजतात. “झाड आहे की चढाई?” नवरा म्हणाला. बाई हसल्या, म्हणाल्या, आमच्या ऑफिसातही हेच म्हणतात.

मग तिसरं. त्यांनी एक कळ दाबली की एक फ्रेम पुढे. काळोख. एक ठिपका. रेघ. खोड वर येताना त्याच्या कडेला ताईच्या कापसाचे बारीक ओरखडे दिसत होते, दर फ्रेमला वेगळे, जणू खोड श्वास घेत होतं. मावशी आकडे बोलत होत्या, पडद्याकडे न बघता. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर.

एकशे एक.

डावीकडून एक बोट आलं होतं. पहिल्या फांदीच्या बेचक्यात टेकलेलं, नखात पांढरा रंग, पेरावर एक सुरकुती. किंचित हललेलं, म्हणून कडा धूसर. सिनेमाघरात हे बोट उभ्या माणसाहून मोठं दिसलं असेल. किती गावांत, किती अंधारांत, किती हजार माणसांच्या डोळ्यांसमोर ते एका सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरतं उभं राहिलं आणि गेलं. मीही फ्रॉकमध्ये पाय हलवत बसले असताना ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“ही बुरशी नाही, बरोबर?” बाई हळूच म्हणाल्या. “मला शंका होतीच. बोट आहे. पण आजी, मग हे चुकांच्या रकान्यात जाईल. चुका काढायच्या असं ठरलंय.”

“पहिल्या झाडाखालची शेळी काढणार?”

“शेळी?” बाई गोंधळल्या. “नाही. ती लोकांना आवडते. ती ठेवायची ठरलीय.”

“शेळी चालते,” मावशी म्हणाल्या, “आणि ताई नाही.”

मग मावशींनी सकाळच्या त्या पाकिटातून दोन फोटो काढले. एक ताईच्या लग्नातला, एक स्टुडिओतल्या सगळ्यांचा. दोन्हींत ताईचे हात पाठीमागे. “नखांतला रंग निघायचा नाही. लाजायची ती. फोटो म्हटलं की हात मागे. तिचा हात दुसरीकडे कुठे नाही. आम्ही शोधला.”

बाईंनी फोटो हातात घेतले. पडद्यावरच्या बोटाकडे पाहिलं, परत फोटोंकडे पाहिलं. म्हणाल्या, “आजी, निर्णय माझ्या हातात नाही. वर ठरतं. पण तुम्ही सांगाल ते मी शब्दही न बदलता लिहून घेईन आणि सही घेऊन वर देईन. घाई नाही, विचार करून सांगा.”

“विचार झालाय,” मावशी म्हणाल्या. त्या स्टुलावरून उठल्या, पदर नीट केला आणि साहेबांसमोर उभं राहावं तशा ताठ उभ्या राहिल्या. ओठ हलत नव्हते. एवढ्या वर्षांत त्या काहीच मोजत नाहीयेत असं मी पहिल्यांदा पाहिलं.

“लिही. एकशे चौसष्टाव्या वेळी माझ्या बहिणीने ‘हो’ म्हटलेलं नव्हतं. मी हसले आणि बटण दाबलं. चूक माझी, तिची नाही. ते बोट तिचं आहे. तुमचे एकसष्ट डाग तुम्ही खुशाल पुसा, माझी हरकत नाही. ती एक फ्रेम तेवढी आहे तशी राहू द्या.”