टिनाच्या उतारावर कवेलू

पांढुर्ण्याला आमच्या जुन्या घरात चूल आणि झोपणं एकाच खोलीत होतं. आईला दमा होता. धुरापासून तिला वेगळं ठेवता यावं म्हणून बाबांनी घरामागे एक खोली बांधली.

बाबा सरकारी शाळेत शिक्षक होते. प्रांताची फोड झाली की आपली नेमणूक नागपूरलाच होणार, असं ते धरून चालले होते. टीन उतरवून सोबत नेता येतं, कवेलू, म्हणजे मातीची कौलं, कोण नेणार? म्हणून छप्पर टिनाचं ठरलं आणि आढं ठेंगणं ठेवलं. टिनावरून पाणी थोड्या उतारावरही निघून जातं. पण टीन सरकारी परमिटवरच मिळे, आणि ते यायला वेळ होता. तोवर म्हणून त्याच आढ्यावर कवेलू घातले.

आई सौंसरकडच्या शेतकरी घरातली. छपराकडे पाहत ती मला म्हणाली, "माह्या माहेरी कवेलूवर मांजर बसली तं घसरून अंगणात ये. इथं तं तुहे बाबा गादी टाकून झोपतीन."

"टीन येईपर्यंतचा तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

"पाण्याले काय माहीत, आपण नागपूरले जाऊन राहिलो म्हणून?"

बाबा हसले. मीही हसले.

नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. परमिटाचा अर्ज बाबांनी ओळखीने नागपुरात दिला होता. तो तिथेच राहिला.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. पुढच्या पावसाळ्यात सुट्टीला आले, तेव्हा उतार अपुरा पडून पाणी कवेलूंच्या सांध्यांतून मागे चढून आत टपकत होतं. बाबांनी कवेलू पुन्हा पुन्हा फेरले, काढून नव्याने बसवले. गळती फक्त जागा बदलत होती. ती चुकवायला आईची खाटही खोलीभर फिरत होती. जुन्या खोलीत धूर, इथे ओल. दोन्हीकडे तिचा श्वास सारखाच वाजे.

त्याच आठवड्यात बाबांचा नेमणुकीचा कागद आला. नोकरी इथेच, मध्य प्रदेशात. आता आढं उंच करायचं तर सगळं छप्पर उतरवावं लागणार होतं, आणि बाहेर पावसाची झड लागली होती.

त्या दुपारी आईला आडवं होता येईना. ती खाटेवर बसून राहिली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. बाबा खाटेच्या पायथ्याशी गळतीखाली बसून आढ्याकडे पाहत होते.

"बाई," आई थांबत थांबत मला म्हणाली, "थोडी तिकडं कर. तेही भिजून राहिले."